स्कोप कुणाचा, दुरुस्ती कुणाची? नेटवर्क मानकांच्या समित्यांत नव्याने शिरणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. ऑफिसातल्या सर्व्हरचा बॅकअप मागच्या शेडमधल्या स्टोरेजवर जायला हवा होता. पिंग लागत होतं, लॉगिन होत होतं, छोट्या फायली जात होत्या. मोठी फाइल निघाली की गाडी तिथंच अडायची. मध्ये दोन कंपन्यांचे दोन स्विच. सर्व्हरवर एमटीयू, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणारा जास्तीत जास्त मजकूर, ९००० बाइट ठेवलेला. पुढचं-मागचं सगळं धरून फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारं अख्खं पाकीट, ९०१८ बाइटची. पहिला स्विच ९२१६ पर्यंत घेत होता. दुसऱ्याच्या पुस्तिकेत ९००० लिहिलं होतं, पण हेडर धरून. वरचे १८ बाइट त्याला जड व्हायचे आणि तो फ्रेम मुकाट टाकून द्यायचा. दोन्हीकडच्या इंजिनिअरांना फोन झाले. दोघंही आपापल्या जागी बरोबर निघाले.

मालक वैतागले. "ते राहू द्या सर, स्टँडर्ड काय म्हणतंय तेवढं सांगा."

स्टँडर्ड काहीच म्हणत नाही, हे त्यांना सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. इथरनेटचं मानक ठरवणारी समिती म्हणजे आयट्रिपलई ८०२.३. तिच्या हिशेबात साधी फ्रेम १५१८ बाइटची, व्हीलॅनचा (एकाच तारेवरची वेगवेगळी जाळी ओळखायचा) टॅग लागला की १५२२ ची, आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त २००० ची. त्यापुढची 'जम्बो' फ्रेम तिने कधी मानकात घेतलीच नाही. आयपी, म्हणजे इंटरनेटवर पाकिटं पत्त्यावर पोचवायचे नियम, सांभाळणारी संस्था आयईटीएफ म्हणते, तारेवरून एका वेळी किती जाईल ते तारवाल्यांनी ठरवावं. म्हणजे ९००० हा आकडा दोघांच्या बांधावर पडलेला आहे. उचलायला कुणी नाही, वापरतात मात्र सगळे.

समित्यांच्या हद्दीचे वाद म्हणजे जिनिव्हात कोट घालून चालणारी भांडणं, असं मलाही वाटायचं. पण ती शेवटी चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या एखाद्या शेडमध्ये येऊन पडतात. सोलापुरात बसून या कामात भाग घ्यायची इच्छा असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कुठल्याही समितीत मी मोठा माणूस नाही. काही वर्षं रात्री हेडफोन लावून ऐकत आलोय, कधीमधी एखादी हरकत नोंदवलीय, इतकंच.

पहिली पायरी: कोण कुठं बसतं ते पाहा

यात फार वेळ घालवू नका. आयट्रिपलईचा ८०२ प्रकल्प फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाला. त्यात ८०२.१ ब्रिजिंग, म्हणजे स्विचने फ्रेम पुढे धाडणं, बघते, ८०२.३ तारेवरचं इथरनेट, ८०२.११ वाय-फाय. आयईटीएफची पहिली बैठक जानेवारी १९८६ ची, २१ माणसांची. आयपी आणि त्याच्या वरचं बहुतेक सगळं तिच्याकडे. आयटीयू-टी ही संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची संस्था. तिच्यात देश आणि कंपन्या सभासद असतात, आणि दूरसंचाराच्या वाहतुकीचं जाळं तिचा पंधरावा अभ्यासगट बघतो. मोबाइलचं काम थ्रीजीपीपीकडे. आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांच्या कामात भारताकडून बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो, असते.

कॉलेजात ओएसआयचे सात थर पाठ करून घेतात. त्यामुळे थर म्हणजे भिंती आणि प्रत्येक भिंतीआड एक समिती, असं चित्र डोक्यात बसतं. ते लवकर पुसून टाका. एमपीएलएस, म्हणजे पाकिटाला लेबल लावून वाट दाखवणारी पद्धत, दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मधोमध बसलंय आणि त्याला थराची पर्वा नाही. सगळ्यात कडाक्याची भांडणं तिथंच झाली.

दुसरी पायरी: सातबारा वाचा

प्रत्येक प्रकल्पाला एक कागद असतो. आयट्रिपलईत त्याला पीएआर म्हणतात, म्हणजे प्रकल्पाला परवानगी मागणारा अर्ज. आयईटीएफमध्ये कार्यगटाचा चार्टर असतो. हा त्या समितीचा सातबारा समजा. तांत्रिक मसुदा नंतर वाचा, आधी हा.

पीएआरमध्ये 'स्कोप'चा, म्हणजे कामाच्या हद्दीचा, परिच्छेद बहुधा चार-पाच ओळींचा असतो, आणि त्यातला एकेक शब्द भांडून आलेला असतो. त्याच अर्जात थेट विचारलेलं असतं, की अशाच स्कोपचं दुसरं मानक किंवा दुसरा प्रकल्प आहे का. उत्तर 'नाही' असेल तर जरा थांबून शोधा. ८०२ मध्ये पीएआरसोबत आणखी एक कागद जोडावा लागतो. त्यात बाजार आहे का, जुन्याशी जुळतं का, तांत्रिकदृष्ट्या जमेल का, परवडेल का हे प्रश्न असतात, आणि आणखी एक असतो, 'वेगळी ओळख' आहे का. हद्दीचे निम्मे वाद या एका प्रश्नाच्या उत्तरात लपलेले असतात.

चार्टर वाचताना मी एक साधी गोष्ट करतो. पेन्सिल घेतो आणि नकारार्थी वाक्यांखाली रेघ मारतो: 'हा गट अमुक करणार नाही', 'तमुक बदलायचं झाल्यास त्या गटाला विचारावं'. ज्या चार्टरमध्ये एकही नकार नाही, तो गट पुढे बांध कोरणार असं समजा. शेतात जसा नांगराचा एकेक तास दरवर्षी पलीकडे सरकतो, तसंच.

तिसरी पायरी: जुना वण शोधा

हद्दीचे वाद बोलून मिटले तरी फ्रेममध्ये वण राहतो. इथरनेटच्या हेडरमध्ये दोन पत्त्यांनंतर दोन बाइटची एक जागा आहे. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी १९८० मध्ये आपलं इथरनेट छापलं, तेव्हा त्या जागेत 'प्रकार' लिहायचा होता, म्हणजे आत कोणता प्रोटोकॉल बसलाय ते. ८०२ समितीने इथरनेट हाती घेतलं तेव्हा म्हटलं, आत काय आहे ते सांगणं वरच्या थराचं, ८०२.२ चं काम. आपल्या हद्दीत फक्त लांबी. मग त्याच दोन बाइटमध्ये लांबी आली.

बाजाराने ऐकलं नाही. आयपीवाले 'प्रकार'च लिहीत राहिले. शेवटी १९९७ मध्ये ८०२.३ ने दोन्ही पदरात घेतलं: आकडा १५०० किंवा कमी असेल तर लांबी, १५३६ किंवा जास्त असेल तर प्रकार. मधले ३५ आकडे बेवारस. तुमच्या लॅपटॉपमधून आत्ता निघणारी जवळपास प्रत्येक फ्रेम 'प्रकार' घेऊन निघते. सतरा वर्षांच्या वादाची ती पावती. आणि १५०० च्या वरची लांबी लिहायला त्या जागेत सोयच उरली नाही, ही जम्बो फ्रेमच्या आड आलेल्या अडचणींपैकी एक. कारखान्यातल्या त्या फ्रेमचं मूळ इथवर जातं.

दुसरा वण १०० मेगाबिटचा. १९९२ च्या सुमारास दहाचा वेग शंभरावर न्यायचा होता. एक बाजू म्हणाली, जुनीच पद्धत दहापट वेगाने चालवू: आधी ऐका, टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवा. दुसरी बाजू, ह्यूलेट-पॅकार्डच्या पुढाकाराने, म्हणाली की हब, म्हणजे सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी, ठरवेल कोणाची पाळी. दोघांनाही 'इथरनेट'चं नाव हवं होतं. ८०२.३ चा स्कोप त्या टक्करवाल्या पद्धतीभोवती लिहिलेला, म्हणून दुसऱ्या बाजूला ८०२.१२ असं वेगळं घर बांधून दिलं. १९९५ मध्ये दोन्ही मानकं मंजूर झाली. ८०२.१२ चं नाव आज परीक्षेतही कुणी विचारत नाही. गंमत अशी की नंतर स्विच आले, टकराच बंद झाल्या, आणि जिच्या आधारावर हद्द आखली होती ती पद्धतच निरुपयोगी झाली. ८०२.३ मात्र आहे तिथंच आहे.

चौथी पायरी: शब्द तपासा

छोटी पायरी, पण इथं नवखे हमखास पडतात. ८०२.१ च्या कागदात 'स्विच' शोधू नका, तिथं 'ब्रिज'च असतो. जाळं चालवणं, सांभाळणं, बिघाड शोधणं यासाठीच्या 'ओएएम' या संक्षेपाचा अर्थ प्रत्येक संस्थेत इतका वेगळा होता, की आयईटीएफला २०११ मध्ये तो कसा वापरायचा हे सांगणारी वेगळी आरएफसी (आयईटीएफचे छापील दस्तऐवज याच नावाने निघतात) काढावी लागली, ६२९१ क्रमांकाची. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एकाच पेठेत चालतात. म्हणून व्यवहाराचा आकडा आपण पुन्हा एकदा विचारून घेतो. तीच सवय इथं ठेवा. वाद हद्दीचा आहे असं वाटतं आणि निघतो शब्दाचा, हे मी निदान तीनदा पाहिलंय.

पाचवी पायरी: भांडण कोणत्या जातीचं ते ओळखा

माझ्या मते तीन जाती आहेत. बेवारस जागा ही एक, ती वर आलीच. उरलेल्या दोन जास्त तापतात.

एक: एकाच कामावर दोघं. स्पॅनिंग ट्री ही रेडिया पर्लमन यांची १९८५ ची कल्पना, पुढे ८०२.१ च्या मानकात गेलेली. तिची मर्यादा अशी की जादाच्या तारा बंद ठेवाव्या लागतात. हे सुधारण्यासाठी पर्लमन यांनी ट्रिल नावाची रचना मांडली, आणि ती आयईटीएफमध्ये नेली. ८०२.१ ने त्याच दुखण्यावर ८०२.१एक्यू केलं. ट्रिलची मूळ आरएफसी २०११ ची, एक्यूला मंजुरी २०१२ ची. ब्रिजिंग आयईटीएफचं काम आहे का, यावर पुष्कळ शाई गेली. पण दोन्हींच्या पोटात मार्ग शोधायला एकच प्रोटोकॉल होता, आयएस-आयएस, आणि तो मुळात आयएसओकडून आलेला. एक्यूसाठी त्यात लागणारी भर २०१२ मध्ये आयईटीएफनेच आपल्या आरएफसीमध्ये छापली. वरच्या मजल्यावर वाद आणि तळमजल्यावर एकाच विहिरीचं पाणी.

दोघांचा निकाल लागेपर्यंत डेटा सेंटरवाले तिसरीकडे गेले. व्हीएक्सलॅन, म्हणजे इथरनेटची फ्रेम आयपीच्या पाकिटात घालून नेणारी पद्धत, २०१४ मध्ये माहितीपर आरएफसी म्हणून छापलं गेलं, तेही आयईटीएफच्या नेहमीच्या सहमतीच्या वाटेने न येता. आज नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला तेच विचारतात.

दुसरी जात जास्त धोक्याची: दुसऱ्याच्या प्रोटोकॉलमध्ये परस्पर फेरफार. एमपीएलएस आयईटीएफचं. दूरसंचार कंपन्यांना ते आपल्या वाहतुकीच्या जाळ्यात हवं होतं, पण त्यांच्या सवयीप्रमाणे: मार्ग आधी ठरलेला, बिघाड लगेच कळणारा. मागणी रास्त होती. आयटीयू-टीच्या पंधराव्या गटाने २००६ च्या आसपास टी-एमपीएलएस नावाने स्वतःचा अवतार लिहायला घेतला. पाकिटावरची ओळख एमपीएलएसची, आतली वागणूक वेगळी. दोन्ही जाळी कुठं एकत्र आली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. तो टॉवेल कारखाना देशभर झाला असता.

२००८ मध्ये दोन्ही संस्थांचा संयुक्त गट बसला. ठरलं असं, की गरजा आयटीयू-टीने सांगायच्या, प्रोटोकॉल आयईटीएफने आपल्या पद्धतीने वाढवायचा, नाव एमपीएलएस-टीपी. टी-एमपीएलएस थांबलं. आयईटीएफने २००९ मध्ये आरएफसी ५७०४ काढून, एकमेकांना न विचारता प्रोटोकॉल लिहिणं कसं घातक ठरतं ते लिहून ठेवलं. ती जरूर वाचा. एका बाजूने लिहिलेली आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

पण विस्तव राखेखाली होता. बिघाड शोधण्याच्या साधनांवरून पुन्हा पेटलं. काहींना इथरनेटसाठी आधीच असलेली पद्धत उचलायची होती, आयईटीएफला एमपीएलएसचीच अवजारं वाढवायची होती. २०१२ मध्ये आयईटीएफने दोन का नकोत, एकच का हवं, यावर एक अख्खी आरएफसी काढली, ६६७०. त्याच वर्षी पुढच्याच क्रमांकाच्या ६६७१ ने त्या नको असलेल्या पद्धतीला ओळख-क्रमांकही देऊन टाकला. आयटीयू-टीने जी.८११३.१ आणि जी.८११३.२ अशी दोन मानकं मंजूर केली.

याला कुणी तडजोड म्हणेल. माझं मत वेगळं आहे. दोन समित्यांची सोय झाली आणि भार यंत्र बनवणाऱ्यावर आला. त्याने दोन्ही लिहायचं, दोन्ही तपासायचं. म्हणून हद्दीच्या वादात मी एकच प्रश्न विचारायला शिकलोय: पाच वर्षांनी यात चूक सापडली तर ती दुरुस्त कोण करणार? ज्याच्याकडे पाया आहे त्यालाच करावी लागणार असेल, तर आज त्याला विचारल्याशिवाय भिंत चढवू नये. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच काठ्या, प्रत्येकाचा मान आणि क्रम ठरलेला. तिथं मान आणि भार एकाच खांद्यावर असतो. समित्यांत मान एकाचा आणि भार दुसऱ्याचा अशी फारकत होते, तेव्हा गडबड सुरू होते.

सगळं वाईटच होतं असं नाही. ठरलेल्या वेळेत पाकीट पोचवण्याचं काम ८०२.१ आणि आयईटीएफ दोघांना हवं होतं. ब्रिजपर्यंतचं ८०२.१ च्या टीएसएनने घेतलं, राउटरपलीकडचं २०१५ मध्ये आयईटीएफच्या डेटनेट गटाने. दोन्हीकडे बरीच माणसं तीच होती, याचा मोठा हात असावा.

आपल्याकडचा दाखला फाइव्हजीआयचा. टीएसडीएसआय या भारतीय संस्थेने खेड्यांसाठी, टॉवरांमध्ये सहा किलोमीटर अंतर धरून, रेडिओचे काही बदल सुचवले. थ्रीजीपीपीपासून वेगळं मानक म्हणून आयटीयूने ते २०२१ मध्ये स्वीकारलं. पुढे त्यातलं काम थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत मिसळायचं ठरलं. सांगोला-मंगळवेढ्याकडे विरळ वस्ती पाहिली की गरज खरी वाटते. पण स्वतंत्र मानक राहिलं असतं तर त्यासाठी वेगळी चिप कुणी किती बनवली असती, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

सहावी पायरी: हरकत घ्यायची कशी

माझी पहिली हरकत फसली, ती आधी सांगतो. एका तारेवरच्या मानकाच्या मसुद्यावर मी दीड पान लिहिलं: आयपीचा पत्ता पाहून फ्रेमला प्राधान्य द्यावं. अध्यक्षांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'स्कोपबाहेर'. मी दोन दिवस धुमसत होतो. मग पीएआर काढून वाचला, जो आधी वाचायला हवा होता. पहिल्याच वाक्यात उत्तर होतं.

तेव्हा: हद्दीच्या वादात तंत्राची थोरवी गाऊ नका. तुमची पद्धत चांगली आहे म्हणून जमीन तुमची होत नाही. स्कोपच्या परिच्छेदातलं नेमकं वाक्य उचला आणि त्याच्या जागी काय हवं ते लिहून द्या. 'हा प्रकल्प जाळ्यातली वाहतूक सुधारतो' हे वाक्य कुणाच्याही शेतात शिरतं. 'हा प्रकल्प एका ब्रिजच्या रांगांमधली वाहतूक सुधारतो. मार्ग निवडणं यात येत नाही' हे वाक्य मोजणी करून आलंय. दुसरं वाक्य सुचवाल तर लोक तुमचं नाव लक्षात ठेवतात.

वेळ पाळा. ८०२ ची मोठी अधिवेशनं मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये असतात. नवे पीएआर साधारण महिनाभर आधी सगळ्या गटांपुढे येतात. अधिवेशनाच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळपर्यंत इतर गटांनी हरकती द्यायच्या, बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तरं. ही खिडकी चुकली की पुढे तीच गोष्ट दहापट अवघड. एकटा माणूस बाहेरून ओरडण्यापेक्षा तुमच्या गटामार्फत हरकत गेली तर वजन पडतं. दोन संस्थांमध्ये अधिकृत पत्र जातं, त्याला लायझन म्हणतात. ते अध्यक्षांच्या हातून जातं, आपण परस्पर पाठवायचं नाही. आयईटीएफ आणि ८०२ यांनी एकमेकांशी कसं वागावं हे आरएफसी ७२४१ मध्ये लिहिलेलं आहे, कंटाळवाणी आहे, तरी वाचा.

आणि कुणाच्या वतीने बोलताय ते उघड सांगा. फिरत्या वाहनांसाठीच्या वायरलेसवरून ८०२.१६ आणि ८०२.२० या दोन गटांची हद्द एकमेकांत घुसली होती. ८०२.२० मध्ये कोण कुणाचा माणूस यावरून इतका संशय वाढला, की जून २००६ मध्ये आयट्रिपलईने त्या गटाचं कामच काही महिने थांबवलं. तिथं प्रत्येक जण व्यक्ती म्हणून बसतो हे खरं, पण पगार कोण देतो हे विचारलं जातं आणि विचारायलाच हवं.

आयईटीएफमध्ये सभासदत्व नाही, मतदानही नाही. गुणगुणून अंदाज घेतात आणि 'ढोबळ सहमती' बघतात. ८०२ मध्ये तांत्रिक ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, आणि मताचा हक्क अधिवेशनांना हजेरी लावून मिळवावा लागतो. एकीकडची सवय दुसरीकडे नेऊ नका. आयईटीएफमध्ये 'आमची इतकी डोकी आहेत' म्हणालात तर समोरचे फक्त हसतील.

सोलापुरातून सुरुवात

आरएफसी फुकट. आयटीयू-टीची बहुतेक मानकं फुकट. ८०२ ची मानकं छापल्यानंतर सहा महिन्यांनी फुकट उतरवता येतात. आयएसओची विकत, तिथं पैसे घालवू नका. ८०२ च्या अधिवेशनाला दूरून बसायचीही फी असते आणि विद्यार्थ्याला ती जड जाते. आयईटीएफकडे दूरून भाग घेणाऱ्याला फी माफ करून मिळते, म्हणून सुरुवात तिथून करा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ११ ची बैठक म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात रात्री ८.३०, हिवाळ्यात ९.३०. जेवण आधी उरका. लाइट जाण्याची शक्यता धरून मोबाइल चार्ज ठेवा. पहिल्या तीन-चार बैठका काही बोलू नका, फक्त कोण कुणाला 'ते आमच्याकडे नाही' म्हणतंय ते वहीत टिपा. माझ्या वहीत अशी दोन पानं भरली, तेव्हा कुठं मला एक जागा दिसली जिथं दोन्ही गट तेच वाक्य बोलत होते. पहिली उपयोगी हरकत मी त्या जागेवर लिहिली. अडीच ओळींची होती.